चाचणी यंत्रांची वीजजोडणी : निकष आणि दक्षता

भंडारा, प्रतिनिधी

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. कक्षातील उर्वरित ७ बालकांना वाचविण्यात यश आले. आगीचे प्राथमिक कारण म्हणून 'शॉर्टसर्किट'चे नाव पुढे आले आणि राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा व विद्युत तपासणीचे आदेश निघाले. तथापि, शॉर्टसर्किट हा बहुतेक वेळा घटनाक्रमाचा शेवट असतो. त्याची सुरुवात यंत्राच्या आराखड्यात, तारांच्या निवडीत किंवा एखाद्या सैल स्क्रूत झालेली असते. हे जसे रुग्णालयातील उपकरणांना लागू आहे, तसेच कारखान्यांतील चाचणी यंत्रांनाही लागू आहे.

भंडारा जिल्ह्यात गडेगाव येथील अशोक लेलँडचा वाहनउद्योग, वरठी येथील सनफ्लॅग पोलाद कारखाना, जवाहरनगर येथील आयुध निर्माणी असे मोठे उद्योग आहेत. अशा उद्योगांत आणि त्यांच्याभोवतीच्या लघुउद्योगांत तयार मालाची परीक्षा घेणारी यंत्रे अपरिहार्य असतात. त्यांची वीजजोडणी कशी असावी, याची ही माहिती.

चाचणी यंत्र वेगळे का?

मोटार, गिअरबॉक्स, पंप, केबल किंवा विजेचे उपकरण ठरलेल्या भारावर चालवून पाहणारी यंत्रणा म्हणजे चाचणी यंत्र, अर्थात 'टेस्ट बेंच'. लेथ किंवा पंप यांची जोडणी एकदा झाली की वर्षानुवर्षे तशीच राहते. चाचणी यंत्राची जोडणी मात्र दिवसातून अनेकदा सोडावी व पुन्हा करावी लागते. कामगाराचा हात रोज टर्मिनलजवळ जातो. शिवाय ज्या वस्तूची परीक्षा घ्यायची, ती सदोष असण्याची शक्यता गृहीतच असते.

दुसरी बाब अशी की, ही यंत्रे बाजारात क्वचितच तयार मिळतात. गरजेनुसार एकच नग तयार केला जातो. त्यामुळे आराखडा करणाऱ्यावरील जबाबदारी वाढते.

धोका किती?

मानवी शरीरातून सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह गेल्यास झिणझिण्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडून हातातील तार सोडणे अवघड होते. ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह काही काळ वाहिल्यास हृदयाची लय बिघडण्याचा संभव असतो. ओल्या हाताच्या माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढ्या प्रवाहाची दखलही घेता येत नाही. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. त्यासाठी ३० मिलिअँपिअरला खंडित होणारे आरसीसीबी हे उपकरण आवश्यक ठरते.

मात्र आरसीसीबीलाही मर्यादा आहे. इन्सुलेशनची परीक्षा घेणाऱ्या उच्चदाब चाचणी यंत्रात ट्रान्सफॉर्मरची बाहेरची बाजू मूळ पुरवठ्यापासून अलग असते. तेथे स्पर्श झाल्यास पुरवठ्याच्या बाजूचे आरसीसीबी खंडित होईलच असे नाही. त्यामुळे अशा यंत्राभोवती पिंजरा आणि पिंजऱ्याच्या दाराला इंटरलॉक असणे हाच खरा उपाय होय. दार उघडताच उच्चदाब बंद झाला पाहिजे आणि दार लावल्यावर तो आपोआप सुरू होता कामा नये.

जोडणीचे प्रमुख निकष

*अर्थिंग :* यंत्राचा सांगाडा, पॅनेलचे दार, मोटारीचे कवच हे सर्व धातूचे भाग स्वतंत्र हिरव्या-पिवळ्या तारेने मुख्य अर्थ पट्टीला जोडावेत. दाराची बिजागरी ही अर्थजोडणी नव्हे. या कामासाठी 'आयएस ३०४३' ही भारतीय संहिता आहे.

*नियंत्रण मंडल :* बटणे, सेन्सर व दिवे यांना २३० व्होल्टऐवजी २४ व्होल्ट डीसी पुरवठा द्यावा. कमी व जास्त दाबाच्या तारा वेगवेगळ्या मार्गांतून न्याव्यात.

*सांधे :* लवचिक तारेचे सुटे पदर थेट स्क्रूखाली दाबू नयेत; योग्य मापाचा लग वा फेरूल बसवून क्रिंपिंग करावे. सैल सांध्याचा रोध केवळ ०.१ ओहम झाला आणि त्यातून २० अँपिअर प्रवाह गेला, तरी त्या एका ठिकाणी ४० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे पॅनेलमध्ये एक सोल्डरिंग आयर्न सतत तापत ठेवल्यासारखेच. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी पडत नाही आणि आगीची पूर्वतयारी निमूटपणे होत राहते.

*आणीबाणीचे बटण :* लाल बटणाचा परिणाम केवळ संगणकीय प्रणालीवर अवलंबून नसावा. त्याची तार थेट सुरक्षा रिलेमार्फत मुख्य काँटॅक्टरपर्यंत गेली पाहिजे.

*साठलेली वीज :* वेगनियंत्रक ड्राइव्हमधील कपॅसिटर पुरवठा बंद केल्यावरही भारित राहतात. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेविषयीच्या 'आयईसी ६०२०४-१' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार उघड्या भागांवरील दाब ५ सेकंदांत ६० व्होल्ट वा त्याखाली यावा. ते शक्य नसल्यास इशारा व प्रतीक्षेचा कालावधी पॅनेलवर लिहावा.

'सतत ट्रिप होते' म्हणून...

वेगनियंत्रक ड्राइव्ह असलेल्या यंत्रांत थोडा गळती प्रवाह स्वाभाविक असतो. त्यामुळे साधे आरसीसीबी वारंवार खंडित होते आणि उत्पादन थांबते. अशा वेळी ते काढून टाकणे किंवा इंटरलॉकला तारेचा तुकडा लावून 'बायपास' करणे हा सर्वांत घातक मार्ग होय. ड्राइव्हला अनुरूप प्रकारचे आरसीसीबी निवडणे, फिल्टर व केबलची लांबी तपासणे हा योग्य मार्ग आहे. तात्पुरता म्हणून लावलेला तारेचा तुकडा पुढच्या पाळीतील कामगाराला ठाऊक नसतो.

कायदा काय सांगतो?

१९५६ च्या भारतीय वीज नियमांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घेतली. २०२३ मध्ये सुधारित विनियम लागू झाले. विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करून घेणे त्यानुसार अपेक्षित आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ अन्वये विजेमुळे झालेल्या अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकांना देणे बंधनकारक आहे.

सुरू करण्यापूर्वी

नवे किंवा दुरुस्त केलेले यंत्र वापरात आणण्यापूर्वी अर्थिंगचे सातत्य मोजावे. ५०० व्होल्ट मेगरने इन्सुलेशन रोध तपासावा. तो किमान १ मेगाओहम असावा. मेगर लावण्यापूर्वी ड्राइव्ह व इलेक्ट्रॉनिक कार्ड वेगळे करावेत. आरसीसीबीचे चाचणी बटण, लाल बटण आणि प्रत्येक इंटरलॉक प्रत्यक्ष चालवून पाहावा. प्रत्येक तारेवर क्रमांक असावा आणि झालेला प्रत्येक बदल आराखड्यावर नोंदवून त्याची प्रत पॅनेलमध्येच ठेवावी. आराखडा नसलेल्या पॅनेलमध्ये बिघाड शोधणारा वीजतंत्री अंदाजावर काम करतो, आणि विजेच्या बाबतीत चुकलेला अंदाज दुरुस्त करण्याची संधी प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही.

मालाची सुरक्षितता पडताळणारे यंत्र स्वतः सुरक्षित आहे की नाही, याची पडताळणी सर्वप्रथम व्हावयास हवी. त्यासाठी लागणारा वेळ काही तासांचा असतो. ती टाळल्याची किंमत किती असू शकते, हे भंडाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.