वाडीपासून सुरू होणारे शिक्षणशास्त्र

शैक्षणिक समता आणि तंत्रज्ञान यांच्या क्षेत्रात आयुष्य घालवू पाहणाऱ्या तरुण अभ्यासकांनी पहिला मुक्काम पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत करावा, असा माझा आग्रह आहे. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर या धरणांचे फुगवटे इथल्या खोऱ्यांत पसरले आहेत. समोर दिसणाऱ्या वाडीला पोचायला पाण्याला वळसा घालावा लागतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. अशा ठिकाणी समतेचा पहिला प्रश्न असतो अंतराचा.

शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पण वाडीतली मुलेच कमी झाली, तर एक-दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात आणि एखाद्या वर्गात एकच मूल उरते. त्याला खेळायला, भांडायला, बरोबरीने शिकायला कोणी नसते. वेल्ह्यातल्या पानशेतला यावर समूह शाळेचा मार्ग काढण्यात आला: आसपासच्या छोट्या शाळांतली मुले एकत्र आणायची आणि त्यांना चांगल्या सोयी द्यायच्या. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी असे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर पानशेतचाही दाखला दिला. त्यावर राज्यभर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मोठ्या शाळेचे फायदे खरे आहेत. पण मुलांना न्यायला गाडी आली नाही की सहा वर्षांच्या मुलीची शाळा बुडते, हेही तितकेच खरे. केवळ पट पाहून शाळा बंद करणे मला मान्य नाही.

हा पेच नवा नाही. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९७५ मध्येच समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्हींचा मेळ किती अवघड आहे, हे मांडले होते. चित्रा नाईक यांनी १९७९ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, दिवसभर गुरांमागे असणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. मुलाच्या वेळेला शाळेने जुळवून घ्यायचे, हे त्या कामाचे मर्म होते. तंत्रज्ञानालाही हीच कसोटी लावावी. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड उपयोगाचा आहेच. पण घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेला असेल, तर तो उघडायचा कशावर?

तंत्रज्ञानासाठी जगाशी नाते जोडताना पुणे जिल्ह्यातल्याच पाबळचा विज्ञान आश्रम आठवावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. ती गावाच्या गरजांवर काम करू लागली, आणि जगभरच्या फॅब लॅबच्या सुरुवातीच्या इतिहासात पाबळचे नाव नोंदले गेले. परदेशातून साधने आणणे सोपे असते. आपले प्रश्न जगापुढे नेमकेपणाने मांडणे अवघड, आणि त्यासाठीच या क्षेत्राला शिकलेली माणसे हवी आहेत.

तेव्हा अहवाल वाचण्याआधी एका वाडीतल्या मुलांबरोबर शाळेपर्यंत चालत जा, आणि तेही जुलै महिन्यात.