पंचवीस लाखांची घसरण : बेंजामिन ग्रॅहॅम आणि १९२९ नंतरची मंदी

१९२९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे बेंजामिन ग्रॅहॅम स्वतःला सावध गुंतवणूकदार मानत होते, आणि तसे मानायला आधारही होता. १९२६ मध्ये ४.५ लाख डॉलरवर सुरू झालेला त्यांचा सामायिक निधी २५ लाखांवर पोहोचला होता. वय अवघे पस्तीस.

भाव अवाच्या सवा चढले आहेत, हे त्यांना दिसत होते. त्यावर त्यांनी तोडही काढली होती. एखाद्या कंपनीचे प्रेफरन्स शेअर विकत घ्यायचे आणि त्याच कंपनीचे साधे शेअर हाती नसतानाच विकून ठेवायचे. बाजार कोसळला की साधे शेअर अधिक पडतील, ते स्वस्तात घेऊन सौदा मिटवता येईल. अशा दोन्ही बाजूंनी बांधलेल्या सौद्यांत सुमारे २५ लाख डॉलर होते.

याखेरीज सुमारे ४५ लाखांची खरेदी मात्र उघड्यावर होती, आणि तिच्यातले जवळपास २० लाख उधारीचे होते. १९०७ च्या घबराटीत त्यांच्या विधवा आईचे शेअर असेच उधारीपायी बुडाले होते. तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. मुलगा ते विसरला नसेल. पण तेजीत उधारी ही उधारी वाटतच नाही.

ऑक्टोबरमध्ये बाजार कोसळला आणि युक्ती फळली. विकून ठेवलेले शेअर स्वस्तात घेऊन नफा पदरात पडला. त्यानंतर झाली ती चूक. प्रेफरन्स शेअर आता विकावेत इतके महाग राहिले नाहीत, या विचाराने ग्रॅहॅम यांनी ते ठेवून घेतले. छत्री मिटली, पाऊस चालूच होता. तरीही वर्षाअखेरचा तोटा २० टक्क्यांवर थांबला. आसपासच्यांच्या मानाने हे यशच होते.

जानेवारी १९३० मध्ये फ्लोरिडात नव्वदी ओलांडलेल्या एका निवृत्त व्यावसायिकाने त्यांची सविस्तर चौकशी केली आणि निकडीने सांगितले : सगळे विका, कर्ज फेडा, भागीदारांचे उरलेले पैसे परत करा. ग्रॅहॅम यांनी ऐकले नाही. कारण बाजार वर चालला होता. नोव्हेंबर १९२९ मध्ये १९८ पर्यंत उतरलेला डाऊ जोन्स निर्देशांक एप्रिल १९३० मध्ये २९४ वर आला. मंदी संपली, असे जाणत्यांनाही वाटले.

ती उसंत होती. १९३० हेच त्यांच्या निधीचे सर्वांत वाईट वर्ष ठरले. तोटा ५० टक्के. पुढच्या वर्षी १६ टक्के. चार वर्षांत मिळून सुमारे ७० टक्के भांडवल गेले. ८ जुलै १९३२ रोजी निर्देशांक ४१ वर होता. १९२९ च्या शिखरापासून ८९ टक्के खाली. भाव पडला की परतेलच, ही जुनी पद्धतीची बैठक चुकीची नव्हती. पण परतण्याची मुदत कोणीच ठरवू शकत नव्हते आणि सावकाराला तेवढी सवड नसते.

याच पडझडीत ग्रॅहॅम यांनी प्रश्न बदलला. भाव कुठे जाईल, याऐवजी : आज ही कंपनी मोडीत काढली, तर हाती काय येईल? चालू मालमत्तेतून सगळी देणी वजा करायची. कारखाना, जमीन, नाव यांची किंमत शून्य धरायची. १९३२ मध्ये ‘फोर्ब्स’मधील लेखांत त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील पाहणी मांडली. न्यूयॉर्कच्या बाजारातील ६०० औद्योगिक कंपन्यांपैकी २०० हून अधिक कंपन्या या कमीत कमी हिशेबापेक्षाही स्वस्तात मिळत होत्या. पन्नासहून अधिक कंपन्यांचे बाजारमूल्य तर त्यांच्याजवळच्या रोकड व रोख्यांहूनही कमी होते. मोटारट्रक बनवणाऱ्या ‘व्हाइट मोटर’चा शेअर आठ डॉलरच्या आसपास आणि त्यामागे रोकड-रोखे तेरा डॉलरचे, असा हा उलटा बाजार होता.

यातल्या काही कंपन्या बुडणारच, हे ग्रॅहॅम धरूनच चालत. म्हणून एकीवर भिस्त न ठेवता अनेकींचे थोडे थोडे शेअर घ्यायचे, अशी त्यांची रीत झाली. डेव्हिड डॉड यांच्यासह लिहिलेला ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हा ग्रंथ १९३४ मध्ये आला, तेव्हा त्यांचा स्वतःचा तोटा भरून निघालेला नव्हता. करारानुसार जुना तोटा भरून निघेपर्यंत त्यांना व्यवस्थापनाचा मोबदला मिळणार नव्हता. अध्यापन, लेखन आणि न्यायालयात मूल्यांकनतज्ज्ञ म्हणून दिलेल्या साक्षी, यांवर घर चालले. १९३५ च्या अखेरीस तो तोटा पूर्ण भरून निघाला.