मोरपंखी : घरच्या घरी रोपनिर्मिती

मोरपंखी हे क्युप्रेसेसी कुलातील सदाहरित, शंकुधारी झुडूप. शाळेच्या आवारात, बंगल्याच्या फाटकाशी, जुन्या विश्रामगृहाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उभी असलेली निमुळती हिरवी झाडे बहुधा हीच. रोपवाटिकेत ते ‘थुजा’ म्हणून मिळते आणि शाळकरी मुले त्याची डहाळी ‘विद्या’ म्हणून वहीत जपून ठेवतात. शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. लिनीयस यांनी १७५३ साली त्याची नोंद थुजा प्रजातीत केली. पुढे ते वेगळ्या प्रजातीत गणले जाऊ लागले आणि १९४९ मध्ये त्याला आजचे शास्त्रीय नाव मिळाले, पण बागवानांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. होमिओपॅथीच्या औषधातला थुजा मात्र हा नव्हे. ते औषध उत्तर अमेरिकेतील थुजा ऑक्सिडेंटॅलिस या वेगळ्या झाडापासून करतात.

चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्व भाग हे मोरपंखीचे मूळ घर. कुंडीत कमरेएवढे दिसणारे हे झाड तिथे १५ ते २० मीटर उंच वृक्ष होते. बीजिंगच्या दोन नगरवृक्षांपैकी एक हाच. शाआन्शी प्रांतात चिनी दंतकथांमधल्या पीतसम्राटाच्या समाधीपाशी या जातीचा एक प्रचंड वृक्ष आहे; तो सम्राटानेच लावला, अशी तिथली श्रद्धा. इतक्या दीर्घायुषी झाडाचे रोप घरी तयार करायचे तर घाईचा काही उपयोग नाही.

रोपे दोन मार्गांनी होतात, बियांपासून आणि छाट कलमाने. घरी बहुतेक जण कात्री घेऊन थेट फांदीकडे वळतात. साध्या हिरव्या मोरपंखीसाठी तो अवघड मार्ग आहे. थुजा ऑक्सिडेंटॅलिस किंवा जुनिपर यांची छाटे बऱ्यापैकी मुळे धरतात. मोरपंखीची, विशेषतः वयस्क झाडावरची, फार कमी धरतात. बी मात्र सहज उगवते.

बियांसाठी शंकू ओळखता आले पाहिजेत. फांद्यांच्या टोकांना दीड ते अडीच सेंटिमीटरचे, निळसर पांढुरकी झाक असलेले मांसल शंकू धरतात आणि त्यांच्या खवल्यांवर बाकदार आकडे असतात. पिकताना ते तपकिरी व टणक होतात, मग उकलतात. उकलू लागलेले शंकू तोडून कागदी पिशवीत ठेवले की चार-आठ दिवसांत बी आपोआप सुटते. बी तपकिरी, ४ ते ६ मिलिमीटर लांब, पंख नसलेले. खऱ्या थुजाच्या बियांना दोन्ही बाजूंनी पातळ पंख असतात, त्यामुळे झाड नक्की कोणते, याचा निकाल इथेच लागतो.

बी एक दिवस पाण्यात भिजवावे. तरंगणारे बहुधा पोकळ असते, ते काढून टाकावे. उरलेले ओलसर वाळूत मिसळून तीनेक आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले, तर उगवण एकसारखी होते. ही पायरी गाळली तरी काही बी उगवतेच. मग निम्मी पोयटा माती आणि निम्मी जाड वाळू यांच्या मिश्रणात ते सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे. उगवणीला काही आठवडे लागतात. आधी दोन बीजपत्रे येतात आणि त्यांच्यामागून सुईसारखी पाने. ती मोरपंखीसारखी अजिबात दिसत नाहीत, म्हणून तण समजून उपटली जाण्याचा धोका असतो. ओळखीची चपटी, खवलेदार पाने नंतर फुटतात.

बियांच्या रोपांना एक मर्यादा आहे. प्रत्येक रोप थोडे वेगळे निघते. सोनेरी झाकेची, बुटकी, गोल बांध्याची ‘ऑरिया नाना’ ही बागांमधली आवडती जात. तिच्या बियांतून तोच रंग आणि तोच बांधा येईल याची खात्री नसते. अशा निवडक जातींसाठी छाट कलमच करावे लागते.

इथे सर्वांत महत्त्वाचे असते ते मातृवृक्षाचे वय. कोवळ्या, दोन-चार वर्षांच्या झाडाच्या फांदीत मुळे फोडण्याची जी ताकद असते, ती वीस वर्षांच्या झाडाच्या फांदीत राहत नाही. मुळे फोडणाऱ्या संजीवकाची भुकटी कितीही महाग घेतली तरी हा फरक भरून निघत नाही. म्हणून छाट घ्यायचे ते लहान, निरोगी, नियमित पाणी मिळालेल्या झाडावरूनच.

महाराष्ट्रात पावसाळा या कामाला सोयीचा, कारण हवेतला दमटपणा आयता मिळतो. बुडाशी तपकिरी होऊ लागलेली, पण शेंडा हिरवा असलेली निमपक्व डहाळी निवडावी. ती कात्रीने न कापता खाली ओढून अलगद सोलावी, म्हणजे जुन्या लाकडाची छोटी टाच सोबत येते. अशा टाचेसह घेतलेल्या छाटांना मुळे लवकर धरतात, असा शंकुधारी झाडे वाढवणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. लांबी १० ते १५ सेंटिमीटर पुरे. खालच्या तीन-चार सेंटिमीटरवरची पाने काढावीत आणि एका बाजूची साल धारदार पात्याने सेंटिमीटरभर तासावी. मग बूड इंडॉल ब्युटिरिक आम्लाच्या भुकटीत टेकवून झटकावे. हे संजीवक मुळे फोडते, हे १९३५ मध्ये अमेरिकेतील झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवले आणि आजही घरगुती व व्यापारी कलमांचा आधार तेच आहे. मोगऱ्या-जास्वंदीला चालणारी सौम्य भुकटी इथे कमी पडते. निदान ३,००० पीपीएमची, म्हणजे ०.३ टक्क्यांची, घ्यावी. मध, दालचिनी किंवा कोरफडीच्या गरावर विसंबून लाकडी बुडाच्या छाटांना मुळे फुटण्याची आशा धरू नये.

माध्यम निचऱ्याचे हवे. जाड वाळू आणि कोकोपीट समभाग घ्यावे, त्यात शेणखत मुळीच घालू नये. काठीने आधी भोक पाडून छाट खोवावे, म्हणजे भुकटी घासून जात नाही. वरून तळ कापलेली प्लास्टिकची बाटली झाकावी, बूच काढून हवा खेळू द्यावी आणि कुंडी भरपूर उजेडाच्या, पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी. कोकणातल्या मुसळधार पावसात ती आडोशालाच हवी. बूड चिखलात राहिले की बुरशी येते.

यानंतर वाट पाहायची, आणि नेमके तिथेच बहुतेकांचे अंदाज चुकतात. शंकुधारी झाडांचे छाट मुळे नसतानाही आठवडेच्या आठवडे हिरवे राहते, कधी मेल्यावरही. हिरवेपणा ही जगल्याची खूण नाही. बुडाशी पांढरट गाठ येते, तीही मुळे नव्हेत; काही छाटे त्या गाठीपाशीच थांबतात. दोन ते तीन महिन्यांनी हलके ओढल्यावर माती धरून ठेवली आणि शेंड्याला ताजी फिकट वाढ दिसली, तरच मुळे आली असे समजावे. रोज उपटून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

मुळे आलेले रोप आधी लहान कुंडीत लावावे. मोठ्या कुंडीत ओल टिकून मुळे कुजतात. महिनाभर सावलीतून उन्हाकडे सरकवत न्यावे आणि मग पूर्ण उन्हात ठेवावे. दिवाणखान्यात मोरपंखी फार काळ तग धरत नाही. उन्हाळ्यात लाल कोळी लागून पाने तांबूस पडतात, तेव्हा पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या आतल्या बाजूपर्यंत मारावा.

याच पद्धतीने ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अरॉकेरियाचे रोप करायला जाऊ नये. त्याच्या आडव्या फांदीचे छाट जगले, तरी ते जन्मभर आडवेच वाढते. सरळ झाड हवे तर शेंड्याचेच छाट घ्यावे लागते आणि त्यात मूळ झाडाचा आकार जातो. मोरपंखीच्या बाजूच्या डहाळीला ही अडचण येत नाही.

छाट घेताना मातृवृक्षाचाही विचार करावा. मोरपंखीच्या जुन्या, उघड्या लाकडाला सहसा नवे धुमारे फुटत नाहीत. तिथपर्यंत कापले की भगदाड कायमचे राहते. डहाळ्या झाडाच्या मागच्या बाजूने, हिरव्या भागापुरत्याच घ्याव्यात. आणि परिसरातल्या एखाद्या मोरपंखीला शंकू धरलेले दिसले, तर झाडाला कात्री न लावता तेच मूठभर मागून आणावेत.