निजामाची क्लोरोफॉर्म कमिशने

इ. स. १८८९ मध्ये हैदराबादच्या दरबाराने लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकास एक हजार पौंड देऊ केले. त्या रकमेतून साप्ताहिकाने आपला एक तज्ज्ञ हैदराबादेस धाडावा, आणि क्लोरोफॉर्मची भूल दिलेला रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावरच कधीकधी का दगावतो, या प्रश्नाचा निकाल त्याच्या समक्ष लागावा, अशी योजना होती. ज्या खजिन्यातून ही रक्कम मंजूर झाली, त्यात आपल्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा साराही जमा होत असे, हे मराठी वाचकाने ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

वाद जुना होता. एडिंबर्गच्या जेम्स यंग सिम्सनने १८४७ च्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म प्रचारात आणले, आणि लगेच पुढल्या जानेवारीत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासारख्या क्षुल्लक शस्त्रक्रियेत मरण पावली. लंडनचे वैद्य म्हणत, हे औषध थेट हृदय बंद पाडते. एडिंबर्गचा संप्रदाय म्हणे, आधी थांबतो तो श्वास, आणि त्यावर नजर ठेवली की भय नाही. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे या दुसऱ्या संप्रदायाचे, किंबहुना त्यातही कर्मठ अनुयायी होते. १८८८ च्या पहिल्या कमिशनने कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांच्याच बाजूने कौल दिला. ‘लॅन्सेट’ला तो पटला नाही, आणि म्हणूनच सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने वरील रक्कम पुढे केली.

लंडनहून आलेले लॉडर ब्रंटन हे हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपयोग दाखवून नामांकित झालेले गृहस्थ. येताना त्यांचा ग्रह लॉरींच्या विरुद्ध होता; परंतु कुत्री, माकडे, शेळ्या, घोडे अशा सुमारे सहाशे जनावरांवरील प्रयोग झाल्यावर हृदयास प्रत्यक्ष धोका मुळीच नाही, अशी तार त्यांनी स्वतःच विलायतेस केली. इतक्या मुक्या जीवांचा संहार आज वाचतानाही मन खिन्न होते.

आणि तरीही निकाल अपुरा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की, भूल हलकी असताना, विशेषतः अड्रेनॅलिनचा जोर असताना, हृदयाचे स्नायू एकाएकी विस्कळीत थरथरू लागतात आणि प्राण जातो. गाढ भुलेत मात्र असे होत नाही. हैदराबादेस बहुधा मात्रा वाढवीत वाढवीत जनावर मरेपर्यंत भूल दिली जाई, त्यामुळे खरा धोक्याचा टप्पा प्रयोगकर्त्यांच्या हातून निसटत राहिला. भेदरलेल्या रोग्यास सावधगिरीने दिलेली बेताची भूलही घातक ठरावी, हा विपरीत प्रकार कोणाच्या कल्पनेतही नव्हता. दोष प्रयोगांच्या संख्येचा नव्हता. जे सिद्ध करावयाचे तेच आधी मनात धरून प्रयोगांची आखणी झाली होती, आणि लॉरींसारख्या निःशंक माणसाच्या देखरेखीखाली दुसरे काही घडणेही कठीण होते.

याच लॉरींच्या हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषी शिकल्या, आणि तेथल्या रुग्णालयांत भूल देण्याचे काम करू लागल्या. जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९०९ साली त्या पुढील अध्ययनार्थ एडिंबर्गला गेल्या. पडद्याच्या त्या काळात लॉरींनी स्त्रियांना वैद्यकाचे दार उघडून दिले, हे त्यांच्या क्लोरोफॉर्मविषयीच्या सिद्धान्तापेक्षा कितीतरी टिकाऊ कार्य होय.

क्लोरोफॉर्म आता भुलेच्या मेजावरून नाहीसे झाले आहे. भूल देताना रोग्याचा श्वास अखंड पाहत राहावे, हा कमिशनचा आग्रह मात्र कोणीही रद्द केलेला नाही; त्यासोबत हृदयावरही नजर ठेवावी लागते, एवढेच पुढील पिढ्यांनी त्यात जोडले. दरबारी जमाखर्चात असल्या संशोधनाचे रकाने फारसे नसत. तेव्हा त्या हजार पौंडांना उधळपट्टी म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही.