लोकप्रसारण : तंत्र बदलले, जाब कोणी द्यायचा?

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या महामार्गावर शिरूर ओलांडून घोड नदीचा पूल मागे टाकला, की पारनेर तालुक्याची हद्द लागते. याच रस्त्यावर सुपा आहे. एका बाजूला औद्योगिक वसाहतीतील कारखाने, दुसरीकडे कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या आणि सभोवार पावसाची वाट पाहणारी पर्जन्यछायेतील कोरडवाहू जमीन, असे या परिसराचे आजचे रूप आहे. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरी आणि पुढे नगरच्या स्थानिक केंद्राचे १००.१ मेगाहर्ट्झवरील एफएम प्रसारण, या दोन वाटांनी आकाशवाणी या पट्ट्यात वर्षानुवर्षे येत राहिली. हवामान, बाजारभाव, शेतीविषयक सल्ला, प्रादेशिक बातम्या आणि संध्याकाळची गाणी यांचा तो आधार होता. हा आधार बदलत्या तंत्रज्ञानात टिकावा कसा आणि तो तुटला तर श्रोत्याने दाद कोणाकडे मागावी, हे आजच्या लोकप्रसारणापुढील दोन मुख्य प्रश्न आहेत.

लोकप्रसारण म्हणजे काय?

सरकारच्या हुकमतीखाली नसलेली, नफ्यासाठी न चालणारी आणि समाजाच्या पैशावर समाजासाठी काम करणारी प्रसारण संस्था, अशी लोकप्रसारकाची ढोबळ व्याख्या करता येईल. माहिती देणे, शिक्षण देणे आणि रंजन करणे ही तिची तीन कर्तव्ये मानली जातात. भारतात हे काम प्रसारभारती या महामंडळाकडे असून आकाशवाणी व दूरदर्शन ही त्याची दोन अंगे आहेत.

भारतातील नियमित नभोवाणीचा आरंभ मुंबईतच झाला. २३ जुलै १९२७ रोजी ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. खासगी भांडवलावर उभी राहिलेली ही कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली. १९३० मध्ये सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले आणि ८ जून १९३६ रोजी त्या सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. मुंबई दूरदर्शनचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ चा. त्याचे कार्यक्रम पुढच्याच वर्षी सिंहगडावरील क्षेपणकेंद्रामुळे पुणे परिसरात दिसू लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले.

नगर जिल्ह्यातील एक विसरलेला प्रयोग

लोकप्रसारणाच्या उत्तरदायित्वाची चर्चा करताना नगर जिल्ह्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी ‘रेडिओ ग्रामसभां’चा प्रयोग करण्यात आला. त्यासाठी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातील सुमारे वीस जणांचा गट एकत्र बसून कार्यक्रम ऐके, नंतर त्यावर चर्चा करी आणि आपल्या शंका व निर्णय लिहून पुण्यास पाठवी. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या प्रयोगाचे सूत्र होते.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी श्रोतृगट असलेल्या गावांची तुलना गट नसलेल्या गावांशी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा गटाने ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत नव्या माहितीचा प्रसार स्पष्टपणे अधिक झाल्याचे त्यांना आढळले. या यशामुळे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

या प्रयोगातील एक गोष्ट येथे विशेष लक्षात घ्यावी लागेल. प्रसारकाला आपला श्रोता कोण, त्याने काय ऐकले आणि त्याचे काय अडले, हे त्यात दर आठवड्याला कळत होते. पोस्टाच्या थैलीतून येणारी ती पत्रे म्हणजेच त्या काळची उत्तरदायित्वाची यंत्रणा होती. पुढे केंद्रे वाढली, क्षेपणाची शक्ती वाढली. हा परतीचा मार्ग मात्र हळूहळू अरुंद होत गेला.

स्वायत्ततेचा लांबलेला प्रवास

सरकारी खाते म्हणून चालणाऱ्या प्रसारणाला स्वायत्तता द्यावी, अशी शिफारस चंदा समितीने १९६६ मध्येच केली होती. ती बाजूला पडली. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आकाशवाणी व दूरदर्शनचा सरकारी प्रचारासाठी झालेला वापर देशाने पाहिला. त्यानंतर नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ मध्ये ‘आकाशभारती’ या स्वतंत्र न्यासाची कल्पना मांडली. तीही प्रत्यक्षात आली नाही. अखेर १९९० मध्ये प्रसारभारती कायदा संमत झाला. मात्र तो अमलात येण्यास १५ सप्टेंबर १९९७ हा दिवस उजाडावा लागला.

मधल्या सात वर्षांत आकाशाचे चित्र पार पालटले. उपग्रह वाहिन्या घरोघर आल्या. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्या. पी. बी. सावंत यांचे या खटल्यातील निकालपत्र प्रसारणाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. लहरींवर सरकारची मक्तेदारी नसावी, तशीच ती धनिकांचीही नसावी, असा त्या निर्णयाचा आशय होता. प्रसारभारती अस्तित्वात आली तेव्हा तिला स्वायत्तता आणि स्पर्धा या दोन्ही आव्हानांना एकाच वेळी तोंड द्यावे लागले.

प्रत्येक नवे तंत्र, श्रोत्याचा नवा खर्च

तंत्रज्ञानाच्या बदलात एक साधा हिशेब बहुधा दुर्लक्षित राहतो. क्षेपणयंत्राचा खर्च संस्था करते, पण ग्राहकयंत्राचा खर्च श्रोत्याला करावा लागतो. म्हणून नवे तंत्र आणताना श्रोत्याच्या हाती कोणते यंत्र आहे, हे आधी पाहावे लागते.

मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर जातात, त्यामुळे एका शक्तिशाली केंद्रातून अनेक जिल्हे व्यापता येतात. मात्र वीज खूप लागते आणि आवाजात खरखर येते. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, परंतु त्याच्या लहरी साधारणतः दृष्टिरेषेत जात असल्याने डोंगर आडवा आला की त्या अडतात. सह्याद्रीच्या रांगा आणि पठारे असलेल्या महाराष्ट्रात त्यामुळे अनेक लहान केंद्रांची गरज भासते. नगर, बीड, सातारा यांसारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणी एफएम केंद्रे निघाली, ती या गरजेतूनच. त्यांच्यामुळे जिल्ह्याची बोली, जिल्ह्याचे कलावंत आणि जिल्ह्याचे प्रश्न यांना प्रथमच हक्काचे व्यासपीठ लाभले.

पुढे ‘डीआरएम’ या डिजिटल पद्धतीसाठी आकाशवाणीने देशभरातील ३५ हून अधिक क्षेपणयंत्रे सज्ज केली. एकाच यंत्रातून अधिक कार्यक्रम, कमी वीज आणि स्वच्छ आवाज, असे तिचे फायदे होते. तथापि तो ग्रहण करणारे स्वस्त संच बाजारात पुरेसे आलेच नाहीत. लहरी डिजिटल झाल्या, पण शेतकऱ्याच्या खिशातला संच जुनाच राहिला. त्यातच स्मार्टफोनच्या अनेक नमुन्यांतून एफएमची सोय नाहीशी होऊ लागली. ती बंद करू नये, अशी सूचना केंद्र सरकारला मे २०२३ मध्ये उत्पादकांना द्यावी लागली.

दूरदर्शनच्या बाबतीत वेगळा अनुभव आला. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली विनाशुल्क उपग्रह सेवा पुढे ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाऊ लागली. एकदा तबकडी आणि पेटी घेतली की दरमहा शुल्क नाही, या सोयीमुळे ती कोट्यवधी कुटुंबांत पोहोचली. तिच्यावरील जागांचा खासगी वाहिन्यांना लिलाव करून प्रसारभारतीला उत्पन्नही मिळू लागले. या सेवेच्या आधारावर जुनी भूस्थित क्षेपणकेंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणची सुमारे पन्नास केंद्रे वगळता बाकीची थांबविण्याचे नियोजन होते.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची ‘बिंद’ योजना मंजूर केली. २८ एप्रिल २०२३ रोजी १०० वॅट शक्तीची ९१ एफएम क्षेपणयंत्रे एकाच दिवशी कार्यान्वित झाली. आकाशवाणीचे कार्यक्रम मोबाइलवर ऐकण्यासाठी ‘न्यूज ऑन एअर’ हे ॲप आले आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हा प्रसारभारतीचा ओटीटी मंच सुरू झाला. संस्था हातावर हात ठेवून बसली, असे म्हणता येणार नाही.

पोहोच आणि श्रवण

आकाशवाणी देशाचे ९२ टक्के क्षेत्र आणि ९९.१९ टक्के लोकसंख्या व्यापते, हा आकडा सरकारी अहवालांतून अनेक वर्षे दिला गेला. हा आकडा लहरींच्या पोहोचेचा आहे. त्यातून किती जण प्रत्यक्ष ऐकतात आणि ऐकलेले त्यांच्या किती उपयोगी पडते, याचा बोध होत नाही. १९५६ च्या प्रयोगात नेमके हेच मोजले गेले होते.

खासगी वाहिनीला प्रेक्षक घटले तर जाहिराती घटतात. तेवढ्यापुरता तिचा हिशेब बाजार घेतो. लोकप्रसारकाचा हिशेब बाजाराने घेऊ नये, कारण कोरडवाहू शेतकरी, आदिवासी बोली किंवा शास्त्रीय संगीत यांना बाजारात फारसा भाव नसतो. मग तो घ्यायचा कोणी?

कायद्यात त्याचे उत्तर आहे. प्रसारभारती कायद्याच्या १३ व्या कलमानुसार महामंडळाच्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी २२ खासदारांची संसदीय समिती असावी. त्यांपैकी १५ लोकसभेचे व ७ राज्यसभेचे. १४ व्या कलमात लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी मान्यवरांच्या प्रसारण परिषदेची तरतूद आहे. कायदा अमलात येऊन पाव शतक उलटले, तरी या दोन्ही यंत्रणा उभ्या राहिल्या नाहीत. सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने जानेवारी २०१४ मध्ये सादर केलेल्या अहवालातही संसदीय समिती स्थापन करण्याची शिफारस होती. परिणामी स्वायत्तता अपुरी आणि उत्तरदायित्वही अपुरे, अशी दुहेरी उणीव राहिली. वेतनाचा मोठा भार केंद्राच्या अनुदानावर आहे. ५ ऑक्टोबर २००७ पूर्वी भरती झालेले कर्मचारी २०१२ च्या दुरुस्तीनुसार महामंडळात प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले गेले. पैसा आणि माणसे दोन्ही सरकारकडून येत असतील, तर संस्थेची मान सरकारकडेच वळलेली राहणार.

ब्रिटनमध्ये बीबीसीचा खर्च मुख्यतः प्रेक्षकांच्या परवाना शुल्कातून भागतो आणि २०१७ पासून ‘ऑफकॉम’ ही स्वतंत्र नियामक संस्था तिच्यावर लक्ष ठेवते. तेथेही शुल्काचे भवितव्य आणि नि:पक्षपातीपणा यांवर सतत वाद झडतात. फरक एवढाच, की वाद कोठे न्यावा हे तेथील नागरिकाला ठाऊक असते. भारतातही टपाल कार्यालयात रेडिओचा परवाना काढावा लागे. ते शुल्क १९८० च्या दशकात रद्द झाले. सामान्यांचा भार त्यामुळे हलका झाला, पण ‘मी पैसे भरतो, म्हणून विचारतो’ हा थेट धागाही तुटला.

पुण्याच्या बातम्या आणि श्रोत्यांचा आवाज

जून २०२३ मध्ये पुणे केंद्रावरील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा निर्णय बाहेर आला. सकाळच्या प्रादेशिक बातमीपत्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या श्रोत्यांत नाराजी पसरली. लोकप्रतिनिधींनीही हा विषय दिल्लीपर्यंत नेला आणि काही दिवसांतच निर्णयास स्थगिती मिळाली.

या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, श्रोता अजूनही आहे आणि त्याला आपल्या केंद्राची चाड आहे. दुसरी, त्याच्यासाठी नियमित दार नसल्याने त्याला वृत्तपत्रे आणि नेते यांच्या खिडकीतून हाक द्यावी लागली. पुण्यासारख्या शहराची हाक दिल्लीला ऐकू जाते. एखाद्या आडबाजूच्या केंद्राची वेळ कमी झाली, क्षेपणयंत्र बंद पडले किंवा स्थानिक कार्यक्रमाच्या जागी सहक्षेपण सुरू झाले, तर ते ऐकू जाईलच असे नाही. खासगी एफएम केंद्रांना २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावण्याची परवानगी दिली, स्वतःची तयार करण्याची नव्हे. त्यामुळे नभोवाणीवरील बातमीचा भार लोकप्रसारकावरच राहिला. ज्याच्याकडे मक्ता, त्याच्याकडून जाबाची अपेक्षाही अधिक असते.

पुढे काय?

जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविण्यात आली. ज्या घरांत इंटरनेट नव्हते, तेथेही ती पोहोचू शकली. संकटाच्या वेळी अशा सार्वत्रिक आणि फुकट माध्यमाला पर्याय नसतो. म्हणूनच ते केवळ चालू असणे पुरेसे नाही, ते ऐकणाऱ्याच्या गरजेशी बांधलेले असले पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या शोधाची गरज नाही. कायद्यातील संसदीय समिती व प्रसारण परिषद स्थापन व्हावी. केंद्र वा क्षेपणयंत्र बंद करण्यापूर्वी त्या क्षेत्रातील श्रोत्यांचे म्हणणे घ्यावे. प्रत्येक केंद्राने वर्षाकाठी किती तास स्थानिक निर्मिती केली आणि श्रोत्यांच्या किती तक्रारींची उत्तरे दिली, हे जाहीर करावे. मोबाइलच्या युगात १९५६ ची ती टपालाची थैली पुन्हा उघडणे पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे आहे.

सुप्याच्या पंचक्रोशीला हे सांगावे लागू नये. माहितीच्या अधिकारासाठी ज्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी आंदोलन उभारले, ते गाव याच तालुक्यातले. महाराष्ट्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा. केंद्राचा कायदा प्रसारभारतीलाही लागू आहे. परिषद स्थापन होईल तेव्हा होवो, आपल्या केंद्राचे काय चालले आहे हे साध्या अर्जाने विचारण्याचा हक्क श्रोत्याला आजही आहे. लहरी सार्वजनिक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. त्यांचा हिशेब मागणे हे त्या लहरींच्या मालकाचे, म्हणजे श्रोत्याचे काम आहे.