उंदीर पडले की सावध व्हायचं

घरात मेलेला उंदीर दिसला, की आपण शेपटीला धरून उकिरड्यावर टाकतो. पण तो काय सांगतो, हे आपल्या महाराष्ट्रानं फार मोठी किंमत देऊन शिकलंय.

१८९६ साली मुंबईत, मांडवी भागात प्लेग आला. आधी उंदीर मरत, मग माणसं. पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुलेंनाच लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसाला चावतात आणि रोग देतात, हे १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं.

आपल्या मराठवाड्यातही १९९४ साली बीडच्या मामला गावात आधी उंदीर पडले, पिसवा वाढल्या. मग ताप आला, गाठी आल्या.

म्हणून खुणा ओळखा. तांदळाएवढी लेंडी लहान उंदराची, शेंगदाण्याएवढी मोठ्याची. पेन्सिल जाईल एवढंही भोक बुजवा. धान्य झाकणाच्या कोठीत ठेवा. आणि विष न घालता उंदीर पटापट मरू लागले, तर हात न लावता आधी आशाताईंना कळवा.