उपास, उपासमार आणि मँगो सागो

गेल्या मे महिन्यात चार दिवस घरी गेलो होतो. घरी म्हणजे पिंपळगाव राजाला. (पुण्यात हे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नाशिकजवळचं का?" नाही हो, ते पिंपळगाव बसवंत. आमचं बुलडाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यात.) बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं असं ऊन. घरात बदाम आंब्यांची अढी घातलेली. आणि मी जाहीर करून बसलो होतो की आज सगळ्यांना एक फिलिपिनो गोड पदार्थ खायला घालणार.

त्याचं असं झालं की आमच्या टीममधले निम्मे लोक मनिलात बसतात. एका रात्री रिलीज अडकून पडली होती, सर्व्हरकडे बघत बसण्यापलीकडे कुणाला काही काम नव्हतं, तेव्हा तिथल्या एका सीनियर बाईंनी मला ही रेसिपी सांगितली. मँगो सागो. साबुदाणा उकडायचा, आंब्याच्या फोडी आणि रस, कंडेन्स्ड मिल्क, क्रीम, सगळं एकत्र करून फ्रिजमध्ये गारेगार करायचं. बास. इतकं सोपं की इंजिनियरलाही जमावं.

पण इंजिनियरला पहिल्यांदा जमलं नाही. :) मी आपला खिचडीला भिजवतात तसा साबुदाणा रात्रभर भिजवला आणि सकाळी थोड्याशा पाण्यात शिजायला ठेवला. दहा मिनिटांत पातेल्यात एकसंध, चकचकीत गोळा. आजीने डोकावून बघितलं आणि निकाल दिला, "हा तं कुरडईचा चीक झाला."

दुसऱ्यांदा मनिलाच्या बाईंनी सांगितलं होतं अगदी तसंच केलं. अर्धी वाटी साबुदाणा, न भिजवता, आठ वाट्या उकळत्या पाण्यात. मधूनमधून ढवळायचं. दाणे काचेसारखे होऊन मध्ये फक्त टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका राहिला की गॅस बंद, वर झाकण, दहा मिनिटं विसरून जायचं. मग चाळणीत ओतून गार पाण्याखाली धुवायचं. हे धुणं महत्त्वाचं. दाण्याच्या बाहेर सुटलेलं स्टार्च वाहून गेलं नाही तर गार झाल्यावर पुन्हा चीक. नंतर तीन आंबे (दोघांचा रस, एकाच्या फोडी), अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क आणि क्रीमऐवजी घरची घोटलेली साय. आणि चार तास फ्रिज.

पातेलं फ्रिजमध्ये ठेवत होतो तेवढ्यात आजीचा प्रश्न आला. त्या दिवशी एकादशी होती.

"काऊन रे, हे उपासाले चालते का?"

मी म्हटलं, साबुदाणा चालतो, आंबा चालतो, दूध चालतं. मग न चालायला काय झालं? आजी गप्प बसली, पण तिचं समाधान काही झालं नाही. आणि चार तास थांबायचंच होतं, म्हणून मी एकेक घटक तपासायला घेतला. म्हटलं बघू तरी, या वाडग्यात नक्की कोणाकोणाचं काय आहे.

आंब्याचं सोपं आहे. तो आपलाच. ईशान्य भारत आणि ब्रह्मदेश या पट्ट्यातून निघून तो व्यापाऱ्यांबरोबर आग्नेय आशियात पसरला आणि फिलिपीन्सला पोचला. तिकडे त्याचा स्वभाव थोडा बदलला. आपल्या हापूस-केशरच्या कोयीतून एकच रोप येतं आणि ते आईच्या वळणावर जाईल याची खात्री नसते, म्हणून आपण कलमं करतो. त्यांच्या काराबाव आंब्याच्या एकाच कोयीतून बऱ्याचदा चार-पाच रोपं फुटतात आणि त्यातली बहुतेक आईची हुबेहूब कॉपी असतात. पुढे स्पॅनिश लोकांनी तो आंबा मेक्सिकोला नेला. १५६५ ते १८१५, तब्बल अडीचशे वर्षं मनिला ते आकापुल्को अशी जहाजं चालायची. मेक्सिकोत त्या जातीच्या आंब्याला अजूनही 'मनिला' म्हणतात.

आणि ही जहाजं परत येताना काय आणायची? मुख्यतः चांदी. पण तिच्याबरोबर अमेरिका खंडातली पिकंही यायची. मका, रताळं आणि कसावा नावाचं एक कंद. या कसाव्याच्या स्टार्चला म्हणतात टॅपिओका. म्हणजेच आपला साबुदाणा.

इथे एक गंमत आहे. साबुदाणा हे नाव या कंदाचं नाहीच. मूळचा 'सागू' म्हणजे मलाया-इंडोनेशियाकडचा एक पाम. त्याचं खोड फोडून आतला गर धुतला की पीठ मिळतं. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी सुमात्रात हे पीठ पाहून त्याचं वर्णन केलंय. एकोणिसाव्या शतकात सिंगापूरचे चिनी कारखानदार या पिठाचे गोल दाणे करून जगभर विकायचे, ते हिंदुस्थानातही यायचे. नंतर कसाव्याचं स्टार्च स्वस्त पडतंय म्हटल्यावर त्याचेही तसेच दाणे निघाले. नाव पामचं, माल कंदाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर आतलं इम्प्लिमेंटेशन बदललं, पण इंटरफेस तोच ठेवला. कुणाला पत्ताही लागला नाही.

म्हणजे आपण ज्याला उपासाचा म्हणून इतका मान देतो, तो पदार्थ ब्राझीलच्या कंदाचा आणि नाव मलायी. बरं, एकटा साबुदाणाच असं नाही. खिचडीत काय काय पडतं बघा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची तिकडचीच. बटाटा पेरूच्या डोंगरातला. रताळं तिकडचं. राजगिरासुद्धा तिकडचाच. अस्सल इथलं म्हणाल तर भगर, शिंगाडा आणि दूध-तूप. मला वाटतं याचं कारण अगदी साधं असावं. उपासाला धान्य वर्ज्य, ही झाली ब्लॅकलिस्ट. जे पदार्थ ती यादी झाल्यावर आले त्यांची नावं यादीत कशी असणार? ते आपोआप आत आले.

इथपर्यंत मजा चालली होती. पण मग साबुदाणा भारतात बनायला कधी लागला हे वाचायला घेतलं आणि १९४२ सालापाशी येऊन थांबलो.

कसावा केरळात पोर्तुगीजांबरोबर आधीच आला होता. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (राज्यकाळ १८८० ते १८८५) यांनी तो गरिबांचं अन्न म्हणून मुद्दाम लावायला लावला. काम सोपं नव्हतं. कसाव्याच्या काही जाती कच्च्या खाल्ल्या तर विषारी असतात, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. कंद उकडून पाणी फेकून द्यायचं असतं, हे लोकांना शिकवावं लागलं. तरी भात तो भात, आणि त्रावणकोरचा निम्म्याच्या आसपास तांदूळ बाहेरून यायचा. त्यातला बराचसा ब्रह्मदेशातून.

आता तारखा बघा. जानेवारी १९४२, जपानने मनिला घेतली. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं. मार्चमध्ये रंगून पडलं. तीन महिन्यांत तीन शहरं.

रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. त्रावणकोरचा गरीब माणूस कसावा खाऊन जगला. सगळे जगले असंही नाही. सिंगापूर जपान्यांच्या हातात गेलं तिथेही घरोघर परसात कसावा लावला गेला. मनिलात तांदूळ सोन्याच्या भावाने जायला लागला आणि लोक कसावा-रताळ्यांवर दिवस काढायला लागले.

हे वाचताना मला मनिलाच्या त्याच बाई आठवल्या. रेसिपी सांगताना त्या सहज बोलून गेल्या होत्या की त्यांची आजी (आता हयात नाही) मँगो सागोला हात लावायची नाही. का, तर कसावा. 'जपानी काळात' दोन वर्षं तेच खाल्लं होतं म्हणे. बाई हसत हसत सांगत होत्या, मीही हसलो होतो. कारण नेमकं काय सांगितलं गेलंय ते मला त्या रात्री कळलंच नव्हतं.

आणि सिंगापूर पडल्याचा तिसरा परिणाम म्हणजे आपला साबुदाणा. बाहेरून येणारा साबुदाणा बंद झाला, पण मागणी तर होतीच. तामिळनाडूतल्या सेलमचे माणिक्कम चेट्टियार व्यापारासाठी केरळात जायचे-यायचे. तिथे त्यांची गाठ पडली मलायातल्या पेनांगहून आलेल्या पोपटलाल शहांशी. कसाव्यापासून साबुदाणा कसा करतात हे शहांना माहीत होतं. १९४३ मध्ये सेलमला दोघांनी मिळून काम सुरू केलं. पद्धत अगदी घरगुती. कंद किसायचा, स्टार्च धुऊन खाली बसवायचं, ओलसर पीठ कापडाच्या झोळीत हलवून दाणे वळायचे, तव्यावर भाजायचे, उन्हात वाळवायचे. पुढे व्यंकटाचलम गौंडर नावाच्या एका मेकॅनिकने यंत्रं सुधारली आणि धंदा वाढला.

पण लगेच पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, सेलमच्या कलेक्टरने साबुदाणा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी केली. कारण? दुष्काळ होता आणि कसावा हे लोकांचं पोट भरायचं अन्न होतं. त्याचे दाणे करून बाहेर पाठवायचे, तर इथल्या माणसाने खायचं काय? कारखानदारांनी संघटना काढली, वरपर्यंत दाद मागितली आणि १९४५ मध्ये बंदी उठली. पुढचं आपल्याला माहीतच आहे. सेलमचा साबुदाणा देशभर गेला, १९८१ मध्ये तिथे 'सागोसर्व्ह' ही सहकारी संस्था उभी राहिली, २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला जीआय मानांकनही मिळालं. आपण महाराष्ट्रातले लोक त्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी. तेही कशासाठी, तर उपासासाठी!

मी बराच वेळ त्या बंदीपाशी अडकून बसलो. कलेक्टरचं बरोबर होतं की कारखानदारांचं, ते ठरवणारा मी कोण. पण एकच कंद. एका घरात दुसरं काही नाही म्हणून खाल्ला जातोय, आणि दुसऱ्या घरात सगळं असूनही ते खायचं नाही म्हणून. मधे फक्त एक मालगाडी.

संध्याकाळी वाडगे भरले. (मधे दोन तास लाइट गेली होती, पण फ्रिज कुणी उघडू दिला नाही, त्यामुळे बऱ्यापैकी गार झालं होतं.) खाता खाता आजीला हे सगळं सांगितलं. जपान वगैरेत तिला फार रस नव्हता. पण मनिलाच्या त्या आजीची गोष्ट ऐकल्यावर तिने चमचा खाली ठेवला.

"बहात्तरच्या सालात आमी मिलो खाल्ली," ती म्हणाली. "लाल ज्वारी. रेशनवर भेटे. त्याची भाकर थापाले गेलं तं तुटे. दिसभर खडी फोडाची अन् रात्री ते खाची. तुया बापाच्या गयाखाली उतरे नाई."

१९७२ चा दुष्काळ मला परीक्षेपुरता माहीत होता. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, वगैरे पाच मार्कांचं उत्तर. आपल्याच आजीने तेव्हा रस्त्यावर खडी फोडलीय, हे मला अठ्ठावीस वर्षांत कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. ती लाल ज्वारी मिलो या नावाने अमेरिकेतून जहाजाने आलेली होती. म्हणजे तीसुद्धा समुद्र ओलांडूनच. आपल्या उपासाच्या ताटात अमेरिका आहे, आणि उपासमारीच्या ताटातही होती.

आपल्या भाषेत हे दोन शब्द किती जवळजवळ ठेवलेत बघा. उपास आणि उपासमार. मी आजीला म्हटलं, म्हणजे तेव्हा सगळाच उपास. तर ती जवळजवळ ओरडलीच माझ्यावर.

"उपास काऊन? घरात असून नाई खाल्लं तं उपास. घरात नाई म्हून नाई खाल्लं, त्याले उपास म्हनत नाईत."

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

थोड्या वेळाने तिने वाडगा खरवडून संपवला. म्हटलं, आता तरी सांग, चालतं ना उपासाला? म्हणाली, "चालाले चालते. पन इतकं गोड खाऊन कोनाचा उपास होते का बाप्पा?"

असो. मनिलाच्या बाईंना फोटो पाठवला. आंब्याचा रंग चांगला आलाय म्हणाल्या, साबुदाणा मात्र किंचित जास्त शिजलाय. पुढच्या मे महिन्यात पुन्हा प्रयत्न करीन. आणि या वेळी जाताना आजीला विचारायचे प्रश्न लिहूनच नेणार आहे.